आईच्या इस्टेटीवर टॅक्स बसत नाही, तरी आयएचटी ४०० भरायचा का? (इंग्लंड, प्रोबेट)

थेम्सकाठची | १४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये माझी आई इथे रेडिंगला वारली. बाबा २०१४ मध्ये गेले. आईच्या मृत्युपत्रात मी आणि धाकटा भाऊ दोघे एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे) आहोत, आणि सगळं आम्हा दोघांत निम्मं निम्मं आहे. आमच्यात वाद काहीच नाही. पण प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्राला मिळणाऱ्या न्यायालयीन मान्यतेच्या, अर्जात सुरुवातीलाच अडलो आहोत. एचएमआरसीला (इथल्या कर खात्याला) इन्हेरिटन्स टॅक्सचा, म्हणजे वारसा कराचा, पूर्ण हिशेब, म्हणजे आयएचटी ४००, पाठवला का, असं तिथे विचारलंय. टॅक्स लागतच नाही तर एवढा मोठा फॉर्म कशाला भरायचा, असं भावाचं म्हणणं आहे.

आईच्या मागे जे आहे ते असं. रेडिंगचं घर ४,४०,००० पौंड, बँकेत आणि आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) मिळून ६२,०००, गाडी, दागिने आणि घरसामान ८,०००. कोथरूडचा टू बीएचके पहिल्यापासून तिच्या एकटीच्या नावावर. एजंटच्या मते त्याचे आज १ कोटी ३५ लाख येतील, म्हणजे सुमारे १,१५,००० पौंड. शिवाय पुण्यातल्या बँकेत १२ लाखांची एफडी आहे, ती साधारण १०,००० पौंड. बेरीज ६,३५,०००. आईचे सव्वातीन लाख आणि बाबांचे न वापरलेले सव्वातीन लाख धरले तर साडेसहा लाखांपर्यंत टॅक्स नाही, असं वाचलं. बरोबर आहे ना?

भावाचा आणखी एक मुद्दा. कोथरूडचा फ्लॅट रेडी रेकनरने एक कोटीचा होतो. तो आकडा धरला तर भारतातलं सगळं मिळून ९६ हजार पौंडांच्या आसपास येतं. भारतातली मालमत्ता एक लाखाच्या आत असेल तर म्हणे मोठा फॉर्म लागत नाही. हे खरं आहे का?


लेस्टरवासी | १४ ऑक्टोबर २०२५

ताई, आईंना भावपूर्ण श्रद्धांजली. सासरे गेले तेव्हा आम्ही आयएचटी २०५ हा छोटा फॉर्म भरला होता आणि काम झालं होतं. तोच भरा.


आकडेमोड | १५ ऑक्टोबर २०२५

लेस्टरवासी, तो फॉर्म आता नाही. १ जानेवारी २०२२ किंवा त्यानंतर झालेल्या मृत्यूंसाठी इंग्लंड-वेल्समध्ये २०५ बंद झाला. इस्टेट 'एक्सेप्टेड', म्हणजे पूर्ण हिशेबातून वगळलेल्या, प्रकारात बसत असेल तर वेगळा टॅक्स फॉर्मच लागत नाही. प्रोबेटच्या अर्जातच ग्रॉस, नेट आणि नेट क्वालिफाइंग असे तीन आकडे द्यायचे. एक्सेप्टेडमध्ये बसत नसेल तर आयएचटी ४००, आणि मधला कुठला फॉर्म उरलेला नाही.

ताई, इथे दोन प्रश्न आहेत आणि बहुतेक घरांत ते एकात एक मिसळतात. टॅक्स द्यायचा आहे का, हा एक. पूर्ण हिशेब द्यायचा आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचंही 'नाही' येत नाही. एक्सेप्टेड ठरण्यासाठी रक्कम मर्यादेत असणं पुरत नाही, बाकीच्या अटीही पाळल्या जाव्या लागतात. यूकेबाहेरची मालमत्ता एक लाख पौंडांहून जास्त असेल तर पूर्ण हिशेब. आधीच्या सात वर्षांत अडीच लाखांहून जास्त देऊन टाकलं असेल तर पूर्ण हिशेब. घर मुलाच्या नावावर करून आईवडील त्याच घरात भाडं न देता राहत असतील, तरी पूर्ण हिशेब. हा शेवटचा प्रकार आपल्या लोकांत फार दिसतो. ट्रस्टच्या आणि मोठ्या इस्टेटीच्या वेगळ्या अटी आहेत, त्या तुम्हाला लागू दिसत नाहीत.

तुमचा फ्लॅट आणि एफडी मिळून १,२५,००० होतात. म्हणजे टॅक्स एक पेनीही लागला नाही तरी आयएचटी ४०० भरायचाच.

रेडी रेकनरबद्दल स्पष्टच सांगतो. तो दर महाराष्ट्र शासनाने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो. इन्हेरिटन्स टॅक्सला हवी असते ती मृत्यूच्या दिवशी खुल्या बाजारात आली असती ती किंमत. १९८४ च्या कायद्यातलं कलम १६० हेच सांगतं, आणि भारतातल्या मालमत्तेलाही तेच लागू आहे. एजंट १ कोटी ३५ लाख सांगतोय हे तुम्हाला माहीत आहे. ते माहीत असताना फॉर्म टाळायला एक कोटी लिहिणं म्हणजे एक्झिक्युटर म्हणून खोट्या विधानावर सही करणं. टॅक्स तसाही नाही. मग जोखीम कशासाठी घ्यायची? पुण्यातल्या सरकारमान्य मूल्यांकनकर्त्याकडून मृत्यूच्या तारखेचा अहवाल मागवा. फी परवडण्याजोगी असते, आणि पुढे फ्लॅट विकताना तो कागद परत उपयोगी पडतो.


थेम्सकाठची | १५ ऑक्टोबर २०२५

काका, मनापासून आभार. भावाला वाचायला दिलं. त्याचा लगेच प्रश्न: एफडीला नॉमिनी तो आहे, मग ती रक्कम थेट त्याची नाही का? ती इस्टेटीत का धरायची?

आणि इथल्या एका खात्यात आईने माझंही नाव घातलं होतं, तिला बँकेत जाणं जमेना म्हणून. पैसे सगळे तिच्या पेन्शनचे. ते निम्मे धरायचे का?


कोथरूडकर | १६ ऑक्टोबर २०२५

नॉमिनीबद्दल मी सांगतो, आमच्या सोसायटीत या गैरसमजापायी भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले पाहिले आहेत. भारतात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढंच नॉमिनेशन सांगतं. ते पैसे वारसांसाठी सांभाळायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याच्या बाबतीत हे स्पष्ट केलं, आणि २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही. तेव्हा एफडी आईंच्या इस्टेटीतच येते. सोसायटीच्या फ्लॅटला नॉमिनी असला तरी हेच.


आकडेमोड | १६ ऑक्टोबर २०२५

कोथरूडकरांशी सहमत. खात्याबद्दल: नाव सोयीसाठी घातलेलं आणि पैसे सगळे आईंचे, तर पूर्ण रक्कम आईंची. जॉइंट मालमत्तेच्या पुरवणीत, म्हणजे आयएचटी ४०४ मध्ये, ते खातं दाखवा. पैसे कोणी भरले हे तिथे विचारतात, जे आहे ते लिहा.


सातबारा | १७ ऑक्टोबर २०२५

ताई, आधी एक विचारतो. गावाकडे जमीन आहे का? वडिलोपार्जित? शहरातली माणसं फ्लॅट आणि एफडी लिहितात, पण गावची वाटणी न झालेली जमीन कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आणि दुसरं. बाबांच्या मृत्युपत्रात नेमकं काय लिहिलं होतं? 'सगळं पत्नीला', की 'यूकेमधलं सगळं पत्नीला'?


थेम्सकाठची | १८ ऑक्टोबर २०२५

सातबारा, तुम्ही विचारलंत म्हणून कपाटातून कागद काढले. बाबांच्या मृत्युपत्रात 'युनायटेड किंगडममधील माझी सर्व मालमत्ता' असंच आहे. भारतासाठी त्यांनी वेगळं काही केलेलं नव्हतं.

आणि हो, सातारा जिल्ह्यात जमीन आहे. सातबाऱ्यावर बाबा आणि त्यांचे भाऊ. बाबा गेल्यावर काकांनी वारसनोंद करून घेतली, त्या फेरफारात आई, मी आणि भाऊ अशी तिघांची नावं लागली. आम्ही त्या जमिनीकडे कधी वळूनही पाहिलं नाही, काका कसतात. बाबांच्या हिश्शाचे २०१४ मध्ये पंधरा लाख आले असते, आज चोवीस, असं काका म्हणतात.


सातबारा | १८ ऑक्टोबर २०२५

मग हिशेब बदलतो. नुसता फेरफार म्हणजे मालकी नव्हे, ती महसुली नोंद आहे. पण इथे मुळातच मृत्युपत्र भारतातल्या मालमत्तेला लागू नव्हतं. म्हणून बाबांचा हिस्सा हिंदू वारसा कायद्याने गेला: विधवा, मुलगी, मुलगा, तिघांना सारखा. (आजी हयात असती तर तिचाही वाटा निघाला असता.) म्हणजे बाबांच्या हिश्शातला दोन तृतीयांश तुम्हा भावंडांकडे थेट आला. पुढचं इंग्लंडच्या बाजूचं आकडेमोड सांगतील.


आकडेमोड | १९ ऑक्टोबर २०२५

सातबारांनी विचारलं ते फार महत्त्वाचं होतं.

नवऱ्याकडून बायकोला जे जातं त्यावर सूट असते, म्हणून बाबांचा नील रेट बँड, म्हणजे सव्वातीन लाखांची करमुक्त मर्यादा, पूर्ण शिल्लक राहतो, असं आपण धरलं होतं. मुलांना जे गेलं त्यावर ती सूट नाही, त्यामुळे तेवढा बँड वापरला गेला. २०१४ मध्ये पौंड साधारण शंभर रुपयांना होता. पंधरा लाख म्हणजे १५,००० पौंड, त्यातले तुम्हा दोघांचे १०,०००. बाबांच्या ३,२५,००० मधले ते गेले, उरले ३,१५,०००. आईंचे सव्वातीन लाख मिळवून मर्यादा ६,४०,०००, साडेसहा नाही.

आता आईंच्या बाजूला जमिनीचा त्यांचा तिसरा हिस्सा मिळवा. चोवीस लाखांचे आठ लाख, सुमारे ७,००० पौंड. इस्टेट ६,४२,००० झाली आणि भारतातलं सगळं १,३२,०००. अंत्यसंस्कार आणि देणी यांचे ५,००० वजा केले तर नेट ६,३७,०००.

अजून एक विचारायचं राहिलं. ऑगस्ट २०१८ नंतर आईंनी कोणाला काही मोठी रक्कम दिली का? भावाला घरासाठी, नातीच्या लग्नात सोनं, गावाकडे देवळाला?


थेम्सकाठची | १९ ऑक्टोबर २०२५

२०२० मध्ये भावाच्या घराच्या डिपॉझिटसाठी २०,००० दिले होते. बँकेत नोंद आहे. माझ्या मुलीला लग्नात दोन बांगड्या दिल्या, त्या हजाराच्या आतल्या असतील. दरमहा मावशीला पुण्याला थोडे पैसे पाठवायची, पेन्शनमधून.


आकडेमोड | २० ऑक्टोबर २०२५

बांगड्यांची काळजी नको, आजीने नातीला लग्नात २,५०० पर्यंत दिलेलं सुटीत बसतं.

मावशींचे पैसे उत्पन्नातून नियमित जात होते आणि त्यामुळे आईंच्या राहणीत काही कमी पडलं नाही, हे दाखवता आलं तर त्यावर टॅक्स नाही. फक्त आयएचटी ४०३ च्या शेवटी वर्षवार उत्पन्न-खर्चाचा तक्ता असतो तो भरा. एक बारकावा इतर वाचकांसाठी: अशा नियमित देण्याची रक्कम कोणत्याही टॅक्स-वर्षात ३,००० च्या वर गेली, तर इस्टेट एक्सेप्टेड आहे की नाही हे ठरवताना ती गृहीत धरतात. सूट असूनही.

भावाचे २०,०००: त्या वर्षाची ३,००० ची सूट आणि आधीच्या वर्षाची न वापरलेली ३,००० काढली तर १४,००० राहतात. सात वर्षांच्या आतलं असल्यामुळे ते मर्यादेतून आधी वजा होतात. ६,४०,००० वजा १४,००० म्हणजे ६,२६,०००. नेट इस्टेट ६,३७,०००. वर ११,००० उरतात आणि चाळीस टक्क्यांनी ४,४०० पौंड टॅक्स होतो.

घाबरू नका. घर मुलांना जातंय, म्हणून आईंचा रेसिडन्स बँड (राहत्या घरासाठीची जादा करमुक्त मर्यादा) १,७५,००० मिळतो, आणि बाबांचाही १,७५,०००. बाबा २०१४ ला गेले आणि हा बँड एप्रिल २०१७ पासून आला, तरी त्यांचा न वापरलेला हिस्सा आईंकडे येतो. टॅक्स शून्यच राहील. पण हा बँड आपोआप लागत नाही, आयएचटी ४३५ आणि बाबांच्यासाठी ४३६ भरून मागावा लागतो. आणि एक्सेप्टेड ठरवताना रेसिडन्स बँड मोजतच नाहीत. हीच सगळी मालमत्ता यूकेमध्ये असती, तरी केवळ यासाठी तुम्हाला आयएचटी ४०० भरावा लागला असता. आपल्यातल्या कित्येकांच्या घरांची किंमत आज अशीच आहे: टॅक्स शून्य, पण तो रेसिडन्स बँडमुळे शून्य. ते लोक 'टॅक्स नाही' म्हणून फॉर्म भरत नाहीत, आणि घर अंदाजापेक्षा जास्तीला विकलं गेलं की अडकतात.


लेस्टरवासी | २० ऑक्टोबर २०२५

काका, यात कुठले कुठले कागद जोडायचे तेवढं एकदा सांगाल का? माझ्या आईचंही पुढेमागे आम्हालाच पाहायचं आहे. तिचं वय ८४ आहे.


आकडेमोड | २१ ऑक्टोबर २०२५

थेम्सकाठच्या ताईंच्या बाबतीत: मुख्य आयएचटी ४००. त्याला बाबांच्या बँडसाठी ४०२, देणग्या आणि भेटींसाठी ४०३, जॉइंट खात्यासाठी ४०४, घरासाठी ४०५, बँक खात्यांसाठी ४०६, दागिने-घरसामानासाठी ४०७, यूकेबाहेरच्या मालमत्तेसाठी ४१७, आणि रेसिडन्स बँडचे ४३५ व ४३६. बाबांचा मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, त्यांचं मृत्युपत्र आणि प्रोबेट झालं असेल तर त्याची प्रत ४०२ सोबत लागते.

रुपयांचं रूपांतर मृत्यूच्या दिवसाच्या दराने करा, अर्ज भरतानाच्या दराने नाही. तो दर कुठून घेतला ते लिहून ठेवा.

लेस्टरवासी, तुमच्या आई आहेत तोवर एकच करा. वडिलांचं मृत्युपत्र आणि त्या वेळचे कागद शोधून एका फायलीत लावा, आणि आईंना विचारून दिल्या-घेतल्याची यादी करा. हा प्रश्न आईंना विचारायला जड जातं, मला कल्पना आहे. पण नंतर ते सांगणारं कोणी राहत नाही.


परतलेला_पुणेकर | २३ ऑक्टोबर २०२५

माझा प्रश्न उलट बाजूचा. मी पंचवीस वर्षं बर्मिंगहॅमला होतो, आता कायमचा पुण्यात परतलो आहे. तिथे अजून एक घर आहे. मी गेल्यावर माझ्या पुण्यातल्या मालमत्तेवरही इंग्लंडचा टॅक्स लागणार का? भारतात तर वारसा कर नाही.


आकडेमोड | २३ ऑक्टोबर २०२५

भारतातली इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली, बरोबर. इंग्लंडच्या बाजूने ६ एप्रिल २०२५ पासून डोमिसाइलऐवजी (कायद्याने कायमचं घर मानलेल्या देशाऐवजी) वास्तव्य पाहतात. आधीच्या वीसपैकी दहा वर्षं यूकेचे रहिवासी असाल तर जगभरातली मालमत्ता मोजतात, आणि देश सोडल्यावरही तीन ते दहा वर्षं हे शेपूट राहतं. पंचवीस वर्षांच्या वास्तव्याला दहा. तुम्ही एप्रिल २०२५ च्या आधी परतला असाल तर संक्रमणाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे तारीख सांगा.

मात्र भारत आणि यूके यांच्यात या कराबाबत १९५६ चा करार आहे आणि तो अजून लागू आहे. मृत्यूच्या वेळी भारतीय कायद्याने तुमचं डोमिसाइल भारतात असेल, तर यूकेबाहेरच्या मालमत्तेला तो संरक्षण देऊ शकतो. पण ती मालमत्ता कोणत्या कायद्याखालच्या मृत्युपत्राने जाते यावरही ते अवलंबून आहे. तेव्हा भारतासाठी वेगळं मृत्युपत्र करा, आणि करण्याआधी हा करार माहीत असलेल्या सॉलिसिटरला दाखवा. इंग्लंडातलं घर मात्र कुठल्याही परिस्थितीत तिथल्या टॅक्सच्या कक्षेत राहणार, आणि तुम्ही पूर्वी तिथे राहून बाहेर स्थायिक झालेले असल्यामुळे तुमच्या मुलांना आयएचटी ४०० टळणार नाही.

थेम्सकाठच्या ताईंच्या आई चाळीसेक वर्षं रेडिंगलाच होत्या, त्यांना या कराराचा उपयोग नाही.


थेम्सकाठची | २ नोव्हेंबर २०२५

पुण्याहून मूल्यांकनाचा अहवाल आला, १ कोटी ३२ लाख. आकडे थोडे खाली आले, चित्र तेच. भाऊ आणि मी काल बसून फॉर्म भरायला घेतला. भावानेच ४०३ लिहिला, २०२० च्या वीस हजारांसह.

मुदत किती असते? आणि तोवर घर विकायला लावता येईल का?


आकडेमोड | २ नोव्हेंबर २०२५

मृत्यूचा महिना संपल्यापासून हिशेबाला बारा महिने, म्हणजे तुम्हाला ३१ ऑगस्ट २०२६. टॅक्स असता तर तो मात्र सहाव्या महिन्याच्या अखेरीस, २८ फेब्रुवारी २०२६ ला, आणि त्यानंतर व्याज. ज्यांना टॅक्स भरायचा आहे त्यांनी आधी एचएमआरसीचा संदर्भ क्रमांक घ्यायचा, पैसे भरण्याच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज करून. खातं गोठलेलं असलं तरी आयएचटी ४२३ वापरून बँक मृत व्यक्तीच्या पैशांतून थेट एचएमआरसीला देऊ शकते. घरावरच्या टॅक्सचे दहा वार्षिक हप्ते करता येतात.

घर बाजारात लावा, पण प्रोबेटची ग्रँट, म्हणजे मंजुरीचा कागद, हाती आल्याशिवाय विक्री पूर्ण होणार नाही. घेणाऱ्याला हे आधीच सांगा.

फॉर्म गेला की एचएमआरसीकडून पत्राने एक कोड येतो. जानेवारी २०२४ पासून ही पद्धत आहे, त्याआधी आयएचटी ४२१ चा कागद शिक्का मारून जायचा. कोड हाती येईपर्यंत प्रोबेटचा अर्ज पाठवू नका, कोडशिवाय तो पुढे सरकत नाही.


कोथरूडकर | ३ नोव्हेंबर २०२५

ताई, इंग्लंडची ग्रँट इथे कोथरूडच्या सोसायटीत किंवा बँकेत तशीच चालेल असं धरू नका. पुण्यातल्या मालमत्तेसाठी मृत्युपत्राचं प्रोबेट सक्तीचं कधीच नव्हतं, ती सक्ती मुंबई, चेन्नई आणि कोलकात्यापुरती होती. तरी सोसायटी आणि बँक आपापले कागद मागतात, कधी न्यायालयाचा आदेशही. ग्रँटच्या सीलबंद प्रती आत्ताच जास्तीच्या मागवा आणि एकीवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र) करून घ्या. इथून परत इंग्लंडला कागदासाठी धावाधाव करणं फार त्रासाचं होतं.


थेम्सकाठची | ९ जानेवारी २०२६

एचएमआरसीचं पत्र आलं, त्यात कोड आहे. प्रोबेटचा अर्ज ऑनलाइन भरला, आईचं मूळ मृत्युपत्र पोस्टाने गेलं. घराला मागणी आली आहे ती ४,५५,००० ची, म्हणजे आम्ही लिहिल्यापेक्षा पंधरा हजार जास्त. हे एचएमआरसीला कळवायचं का?


आकडेमोड | ९ जानेवारी २०२६

हो. मृत्यूनंतर लगेचच जास्त किमतीला व्यवहार होत असेल तर मृत्यूच्या दिवसाची किंमतही तेवढी होती का, हे एचएमआरसी विचारू शकतं. व्यवहार पक्का झाला की दुरुस्तीचा सी ४ फॉर्म पाठवा. रेसिडन्स बँड मागितलेला आहे, त्यामुळे टॅक्स तरीही शून्यच. आणि वाढीव किंमत मृत्यूच्या दिवसाची म्हणून मान्य झाली, तर विक्रीवर कॅपिटल गेन्सही बसत नाही.


सातबारा | १० जानेवारी २०२६

आणि साताऱ्याच्या जमिनीत आईंच्या जागी तुम्हा दोघांची वारसनोंद तलाठ्याकडे लावून घ्या. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत लागेल. काकांना आधी फोन करा, त्यांच्या हातून हे काम लवकर होईल.